देवाला माफी, दुकानाला कसली?

‘देवाच्या पैशावर कर कसला?’ हा प्रश्न सध्या भोर आणि वेल्ह्यात कुठेही कानावर पडतो. पारावर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपच्या गटांवर. विचारणारा उत्तराला थांबत नाही, कारण त्याच्या मते उत्तर ठरलेलेच आहे. देऊळ भक्तांचे, दानपेटीतली रक्कम भक्तांची, सरकारचा तिथे संबंध काय? कर लावतात तोही फक्त आपल्या देवळांवर, बाकीच्या धर्मांना सगळी माफी. पूर्वीच्या राजांनी देवळांना दिले, कधी मागितले नाही. देवस्थाने अन्नदान करतात, गोरगरिबांना मदत करतात. त्यांच्या दारात वसुलीला जाणे म्हणजे पाप. आणि या सगळ्यावर कळस म्हणून घोषणा: मंदिरे सरकारमुक्त करा.

हे म्हणणे मला मान्य नाही. मी देवळात जातो, मेंगाईपुढे हात जोडतो, रायरेश्वराची चढण चढून दर्शन घेतो. तरीही मान्य नाही. कारण ही घोषणा देणारी मंडळीच त्याच महिन्यात पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात निवेदन घेऊन उभी असतात. आमच्या देवस्थानाला ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा द्या. घाटरस्ता रुंद करा. पायऱ्या, भक्तनिवास, वाहनतळ, हायमास्ट दिवे मंजूर करा. सभामंडपाला निधी द्या. मागताना सरकार आपले आणि हिशेब विचारला की सरकार परके, ही कोणती मुक्ती?

सभामंडपाचेच बघू. खासदार निधीच्या नियमांत धार्मिक स्थळाच्या आवारातले काम करायला बंदी आहे, ती उगीच नाही. जनतेचा पैसा एका धर्माच्या वास्तूत जाऊ नये एवढाच तिचा अर्थ. पण आपल्याकडे पंचवीस-पंधराचा निधी कसा वापरतात हे गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे, असे त्या लेखाशीर्षाचे वर्णन. मूलभूत सुविधा म्हणजे पाणी, गटार, वस्तीपर्यंतचा रस्ता. प्रत्यक्षात गावोगाव फलक दिसतो तो मंदिरासमोरच्या सभामंडपाचा, आणि कागदावर त्यालाच कधी ‘सामाजिक सभागृह’ म्हटलेले असते. त्या मंडपात ग्रामसभा किती वेळा भरली? कातकरी वाडीतल्या लग्नाला तो कधी मिळाला? 2024 च्या अर्थसंकल्पात पंढरीच्या वारीतल्या दिंड्यांना प्रत्येकी 20 हजार रुपये जाहीर झाले, तेव्हा सरकारमुक्तीवाले कुठे होते? हज यात्रेचे अनुदान बंद करा असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले आणि 2018 मध्ये ते बंद झाले. ते बंद झाले हे योग्यच झाले. मग तेच तत्त्व आपल्या दारात आले की ते धर्मद्रोह कसे ठरते?

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावात काय उरते ते एकदा बघायला या. गावाचे नाव घेत नाही, कारण चित्र बहुतेक ठिकाणी तेच. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात दोन दिवसांत त्याच्या अनेक पट माणसे येऊन गेलेली असतात. ओढ्याच्या काठावर पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, हारांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. सार्वजनिक विहिरीचे पाणी उपसून तळाला गेलेले. ग्रामपंचायतीचा एकच सफाई कामगार हातगाडी ओढत असतो आणि त्याचा पगार अनेकदा थकलेला असतो. आता ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 ची, म्हणजे कर आकारणीची, नोंदवही उघडा. विधवा बाईच्या दोन खणांच्या घराला घरपट्टी आहे, दिवाबत्ती कर आहे, आरोग्य कर आहे, पाणीपट्टी आहे. देवस्थानच्या नावापुढे देऊळ आहे, त्याला लागून आठ-दहा गाळे आहेत, एक मंगल कार्यालय आहे, आणि कराच्या रकान्यात रेघ मारलेली आहे.

देवळाच्या गाभाऱ्याला सूट आहे हे मला मान्य आहे आणि ती राहावी असेच माझे म्हणणे आहे. पूजेवर, नैवेद्यावर, दिव्याच्या तेलावर कुणी कर मागत नाही. पण सूट पूजेच्या वास्तूला आहे. प्रसादाचा गाळा भाड्याने दिला, त्याची पागडी घेतली, कार्यालय लग्नाला दिले, वाहनतळाची पावती फाडली, हे पूजा कधीपासून झाले? मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यापासून ही रेघ स्पष्ट आहे: निव्वळ सार्वजनिक पूजेसाठी वापरलेल्या इमारतीला माफी, आणि जिथे व्यापार चालतो ती निव्वळ पूजेची इमारत नव्हे. इंग्रजांच्या काळी मुंबईला कळले ते आज आपल्या ग्रामसेवकाला कळत नाही असे थोडेच आहे? त्याला कळते. पण ट्रस्टचे अध्यक्ष आणि गावचे पुढारी एकाच घरातले असतात, आणि त्याला त्याच गावात नोकरी करायची असते.

ग्रामपंचायतीच्या 1958 च्या कायद्यातले कलम 124 वाचा. त्यात यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा-उत्सवांवरचा कर आहे. म्हणजे येणाऱ्या गर्दीचा खर्च गावाने एकट्याने सोसू नये, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच सुचले होते. तो कर लावायला आपल्या गावांचे हात का थरथरतात?

सरकारचा देवळाशी संबंध नाही म्हणणाऱ्यांना मांढरदेवीची आठवण करून द्यावी लागते. देऊळ वाई तालुक्यात, पण भोरच्या बाजूनेही घाट चढून हजारो लोक काळूबाईला जातात, आणि त्या दिवशी भोरमधल्या कितीतरी घरांत कुणाचा तरी जीव टांगणीला लागला होता. 25 जानेवारी 2005, पौष पौर्णिमा. चेंगराचेंगरी आणि आगीत तीनशेच्या आसपास माणसे गेली. त्या दिवशी पोलीस कुणाचे आले? रुग्णवाहिका कुणाच्या? शवविच्छेदन कुठल्या रुग्णालयात झाले? भरपाई कुणी दिली आणि न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग कुणी नेमला? सगळे सरकारने, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून. तेव्हा कुणीही म्हणाले नाही की हा भक्तांचा खासगी मामला आहे. माणसे मरतात तेव्हा जो आपला असतो तो गल्ला मोजताना परका होत नाही.

आता दुसरा मुद्दा: कर फक्त मंदिरांना, बाकी सगळ्यांना माफी. हे सर्रास बोलले जाते आणि ते सरळ खोटे आहे. महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे. देऊळ, चर्च, जैन मंदिर, अग्यारी, सगळ्यांचे ट्रस्ट त्याच धर्मादाय आयुक्ताकडे नोंदवले जातात. या कायद्यातल्या वर्गणीला विरोध करून सर्वोच्च न्यायालयात जे गेले त्यांत जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी होते आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त होते. 1954 साली न्यायालयाने ती वर्गणी वैध ठरवली: देखरेखीच्या खर्चासाठी घेतलेले शुल्क आहे, कुणाच्या धर्मावरचा कर नाही. पुढे 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्गणीची वसुली थांबवली. हा जाच म्हणून सांगणाऱ्यांनी तेही सांगावे. वक्फच्या मालमत्तांचे म्हणाल तर त्यांना वक्फ मंडळाला उत्पन्नाच्या 7 टक्क्यांपर्यंत वर्गणी द्यावी लागत असे, 2025 च्या दुरुस्तीने ती कमाल 5 टक्के झाली. प्राप्तिकरात धार्मिक ट्रस्टला जी सूट मिळते ती मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च बघून दिली जात नाही. उत्पन्नाचा 85 टक्के भाग उद्देशासाठी खर्च करा ही अट सगळ्यांना सारखी आहे. जीएसटीतही तेच. धर्मस्थळाच्या आवारातली खोली दिवसाला 1,000 रुपयांपेक्षा कमी भाड्याची असेल, सभागृह दिवसाला 10,000 पेक्षा कमी, दुकानाचा गाळा महिन्याला 10,000 पेक्षा कमी, तर कर नाही. त्यावर गेले तर आहे. धर्म कोणताही असो. भोर-वेल्ह्यातले किती गाळे महिन्याला दहा हजार भाडे आणतात? म्हणजे ज्या जीएसटीच्या नावाने बोंब मारली जाते तो आपल्या बहुतेक देवळांना लागतच नाही.

कर्नाटकाचा दाखला दिला जातो, तिथे मोठ्या देवळांच्या उत्पन्नातून टक्का घ्यायचे 2024 चे विधेयक. तो पैसा लहान देवळांच्या आणि पुजाऱ्यांच्या सामाईक निधीत जाणार होता, हे सांगायचे मात्र टाळले जाते. आणि कर्नाटकातल्या कायद्याचा राग आपल्या गावच्या घरपट्टीवर काढायचे कारणच काय?

तिसरा मुद्दा राजांचा. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण आपला मुलूख राजांचा आहे आणि त्यांच्या नावावर सगळ्यात जास्त खपवले जाते. नसरापूरचे बनेश्वर नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधले. वसईच्या मोहिमेतून आलेली 1683 सालची, क्रूस कोरलेली घंटा आजही तिथे आहे. त्या बांधकामाचा खर्च साडेअकरा हजार रुपयांच्या आत आला आणि तो हिशेब आण्या-पैशांपर्यंत लिहून ठेवलेला आहे. आज ज्या देवळांची वार्षिक उलाढाल त्याच्या कैक पटीने आहे त्यांतल्या किती देवळांच्या भिंतीवर गेल्या वर्षीचा जमाखर्च लावलेला आहे? राजांचा वारसा सांगायचा तर हिशेबासकट सांगा.

मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव द्यायचे ठरवले. ज्या राजाच्या राजधानीचे हे नाव, त्या शिवाजी महाराजांनी चिंचवडच्या देवस्थानाबाबत काय केले ते ध्यानात घ्यावे. रयतेकडून स्वस्त दराने भात, मीठ वगैरे जिन्नस घेण्याची त्या देवस्थानाची जुनी वहिवाट होती. त्यात रयतेला तोशीस पडते हे दिसल्यावर महाराजांनी ती बंद केली आणि देवस्थानाची नेमणूक सरकारी कोठारातून द्यायची व्यवस्था लावली. देवाचा मान राखला, पण देवाच्या नावाने शेतकऱ्याच्या कणगीत हात घालू दिला नाही. देवस्थानाच्या हक्कात सरकारने ढवळाढवळ केली, असे तेव्हा कुणी ओरडले असते तर महाराजांनी काय उत्तर दिले असते?

आणि राजे जे देत ते काय होते? देवस्थान इनाम म्हणजे राज्याने आपला सारा सोडून देवळाच्या नावे लावलेली जमीन. सोडलेला सारा हा राज्याचा, म्हणजे रयतेचाच पैसा. पंतसचिवांचे भोर संस्थान 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्या पंधरा वर्षांत परगणे आणि कुलकर्णी वतने गेली, वैयक्तिक इनामे गेली, पाटीलकी गेली. देशमुखांच्या वाड्यांची जमीन गेली, कुणी रडले, कुणी कोर्टात गेले, पण गेली. राहिले ते देवस्थान इनाम. आणि त्याच्याबरोबर राहिले त्यावरचे कूळ.

कुणाचा सातबारा मिळाला तर हातात घेऊन बघा. इनाम वर्ग 3. भोगवटादाराच्या जागी देवाचे नाव, पुढे वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचे किंवा गुरवाचे, आणि इतर अधिकारात कुळाचे नाव. त्या कुळाचा आजा तीच खाचरे कसत होता. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनी शेजारच्या बांधापलीकडचे कूळ कायद्याने मालक ठरले. देवस्थानच्या जमिनीचे हे कूळ मात्र मालक ठरले नाही, कारण कुळकायद्याच्या कलम 88 ब खाली नोंदणीकृत ट्रस्टच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याने सूट मिळते. एकाच ओढ्याचे पाणी, एकाच वाणाचा इंद्रायणी भात, एक मालक आणि दुसरा पिढ्यान्पिढ्या कूळ. त्याला विहिरीला कर्ज हवे असेल तर बँक त्या जमिनीवर बोजा चढवायला तयार नसते.

ही सूट कोणत्या अटीवर आहे? त्या जमिनीचे सगळे उत्पन्न ट्रस्टच्या उद्देशासाठीच खर्च व्हावे, या अटीवर. मग विचारा: ते उत्पन्न किती, गेले कुठे, शेवटचे कुणी तपासले? रस्त्याकडेच्या अशा जमिनींवर ढाबे आणि प्लॉटिंगचे फलक कसे उभे राहतात? धर्मादाय आयुक्ताच्या परवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही हे कलम 36 सांगते. देवस्थानाला सरकारमुक्त करा म्हणणाऱ्यांतल्या काहींचा डोळा नेमका या कलमावर आहे, असे मी जबाबदारीने म्हणतो. सरकारचा पहारा उठला तर त्या जमिनीचे रक्षण देव करणार नाही. ती विश्वस्तांच्या सहीने जाईल.

राजा तिजोरी आपली म्हणून देत होता. आज तिजोरी राजाची नाही. तीत भोरच्या बौद्ध वस्तीचा पैसा आहे, मुसलमान दुकानदाराचा आहे, देव न मानणाऱ्या मास्तरचा आहे आणि काडेपेटी घेताना कर भरणाऱ्या कातकऱ्याचाही आहे. पुण्यातल्या सुधारकांनी 1849 सालीच पेशवाईच्या दक्षिणा फंडातला पैसा मराठी ग्रंथांकडे वळवा असा अर्ज केला होता. सरकारी पैसा धर्माच्या नावे वाटू नका, हा विचार आपल्याच मातीत पावणेदोनशे वर्षे जुना आहे. तो कुणी बाहेरून आणलेला नाही.

समाजसेवेचे म्हणाल तर जी खरोखर होते तिला आजही करमाफी आहे. अन्नछत्राला, दवाखान्याला, वसतिगृहाला कर लावा असे मी म्हटलेले नाही. मी म्हणतो, दाखवा. दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचा हे कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात कित्येक गावच्या ट्रस्टच्या पीटीआर, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीच्या, उताऱ्यावर मेलेल्या विश्वस्तांची नावे आहेत, बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित आहेत, आणि हयात असलेले कोण कारभार करतात ते गावालाही नीट ठाऊक नसते. दोन कुटुंबांच्या भांडणात दानपेटीला दोन कुलपे लागलेली मी पाहिली आहेत. त्यातून कुठली समाजसेवा होते?

उरते ती एक भीती, आणि ती प्रामाणिक माणसांच्या मनातही आहे: आज कर मागतील, उद्या पूजा कशी करायची ते सांगतील. या भीतीचेही उत्तर 1954 च्या त्याच निकालात आहे. न्यायालयाने वर्गणी वैध ठरवली आणि त्याच निकालात धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त म्हणून धर्मादाय आयुक्तालाच नेमण्याची तरतूद रद्द केली. पैसा तपासता येईल, गाभाऱ्यात बसता येणार नाही. राज्यघटनेचे कलम 25 हेच सांगते: श्रद्धा तुमची, पण तिच्याशी जोडलेल्या आर्थिक व्यवहाराचे नियमन राज्य करू शकते. आणि कलम 27 सांगते की एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी राखलेला कर कुणावर लादता येणार नाही. दोन्ही कलमे एकत्र वाचा. ज्यांना अमेरिकेचा दाखला आवडतो, चर्चला तिथे कर नाही म्हणून, त्यांनी पुढचेही वाचावे: निवडणुकीत उमेदवाराचा प्रचार केला तर करमाफी गमवावी लागेल, असा कायदा तिथे 1954 पासून आहे. आपल्याकडे प्रचाराचा नारळच देवळात फुटतो.

म्हणून माझी मागणी दोन्ही बाजूंना सारखी कडक आहे. सरकारने सभामंडपाला, शिखराला, कमानीला एक रुपया देऊ नये, कोणत्याही धर्माच्या. रस्ता, पाणी, शौचालय, दवाखाना गावासाठी करावा. यात्रेकरूंना त्याचा उपयोग होईलच. आणि देवस्थानाने गाभारा सोडून जे जे कमावले, गाळे, कार्यालय, वाहनतळ, जमीन, त्यावर गावातल्या इतर कोणत्याही मालकासारखा कर भरावा. डोंगरातल्या एकट्या म्हसोबाला, रोज दिवा लावणाऱ्या गुरवाच्या दोन गुंठ्यांना हात लावू नये. ज्याला व्यापार करायचा नाही त्याला भ्यायचे कारण नाही.

हे पुण्यात किंवा मुंबईत ठरण्याची वाट बघायची गरज नाही. 26 जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा आहे. नमुना 8 ची नोंदवही टेबलावर मागा. देवस्थानाच्या गाळ्यांची आकारणी का झाली नाही ते लेखी विचारा, प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात नोंदवून घ्या. जत्रेवरचा कर लावण्याचा ठराव मांडा आणि त्यातून आधी सफाई कामगाराचा थकलेला पगार द्या. विश्वस्तांना गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च देवळाच्या दारात लावायला सांगा. पंचवीस-पंधरातून सभामंडपाचा प्रस्ताव आला असेल तर तो परत पाठवा आणि त्याच पैशात कातकरी वाडीचे पाणी मागा.

हात वर करायची वेळ येईल तेव्हा शेजारी काय म्हणेल ते बघत बसू नका.